लवचिकता : वाकणारे कोण आणि वाकवणारे कोण?

काही शब्द असे असतात की त्यांना विरोध करणारा माणूस तोंड उघडण्यापूर्वीच हटवादी ठरलेला असतो. ‘लवचिकता’ हा आज तसा शब्द झाला आहे. ताठरपणा कोणाला हवा असतो? वेताची छडी, मल्लाचे शरीर, गवयाचा गळा ही सारी लवचीक असावीत यावर दुमत नाही; मग श्रमकायदे तेवढे ताठर का असावेत, असे कोणी विचारले की ऐकणारा निम्मा वाद हरूनच चर्चेला बसतो. उद्योगपतींच्या संघटना, त्यांची भलामण करणारे अर्थपंडित, सचिवालयातील अधिकारी आणि मोठ्या दैनिकांचे अग्रलेखकार गेली तीस-पस्तीस वर्षे या एका शब्दाची जपमाळ ओढीत आले आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने चार श्रमसंहिता अमलात आणून एकोणतीस कायदे एका गाठोड्यात बांधले, तेव्हा या जपाला फळ आले. त्याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. खेद याचा वाटतो की आपल्या भोवतालचे, शोषितांविषयी खरीखुरी कणव असलेले काही सुजाण मित्रही आता म्हणू लागले आहेत की काळ बदलला, उत्पादनाचे तंत्र बदलले, तेव्हा कामगार चळवळीनेही थोडे लवचीक व्हायला हवे. प्रस्तुत लेख मालकांसाठी नाही, त्यांना आपले हित नीट कळते. तो या मित्रांसाठी आहे.

व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गातून अलीकडे तुकोबांनाही कामाला लावले जाते. महापुरात झाडे वाहून जातात आणि लव्हाळी टिकतात हा त्यांचा दृष्टान्त कामगारांपुढे ठेवून, ‘बदलाला नम्रपणे सामोरे जा’ असा उपदेश केला जातो. तुकोबांनी ज्या नम्रतेचा गौरव केला ती मुकादमापुढची नम्रता नव्हती, हे सांगायला पांडित्य लागत नाही. ज्या वाण्याने आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली असे परंपरा सांगते, त्याला सावकारीच्या बाजूने साक्षीला उभे करणे हा निव्वळ उद्धटपणा आहे. पण यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. महापूर आभाळातून येतो. कारखान्यातील कपात आभाळातून येत नाही. ती कोणाच्या तरी टेबलावर ठरते, तिच्या कागदावर कोणाची तरी सही असते. माणसाने केलेल्या निर्णयाला निसर्गाचा कोप म्हणायचे आणि ज्याच्यावर तो कोसळतो त्याला गवत होण्याचा सल्ला द्यायचा, ही या साऱ्या युक्तिवादातील पहिली मखलाशी होय.

लवचिकता ही काही नवी, संगणकयुगाने आणलेली वस्तू आहे असा समज पसरवला जातो. मुंबईच्या गिरणगावाचा इतिहास ज्याला थोडाफार ठाऊक आहे त्याला हे ऐकून हसू यावे. बदली कामगार म्हणजे दुसरे काय होते? पहाटेच्या भोंग्याला गिरणीच्या दाराशी गर्दी करायची, कायम कामगारांपैकी कोण आजारी, कोण गावी गेला याची वाट पाहायची, जॉबरने बोट दाखवले तर आत जायचे, नाही तर डबा तसाच घेऊन चाळीत परतायचे. साच्यांची आणि मागांची संख्या ठरलेली, पण हातांची संख्या रोज कमीजास्त करता यायची. सुताची मागणी वाढली की बदली आत, घटली की बदली बाहेर. मालकाला याहून अधिक लवचीक व्यवस्था कोणती हवी होती? त्या लवचिकतेचा भाव जॉबरच्या हातावर ठेवलेल्या दस्तुरीत मोजला जाई. या अनागोंदीने खुद्द मालकांच्याच कामात विस्कळीतपणा येऊ लागला, तेव्हा १९३५ साली मिलमालक संघाला बदली नियंत्रणाची योजना काढावी लागली. पण बदली संपला नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले, तेव्हा त्यांच्या मागण्यांत पगारवाढीबरोबर बदलींना कायम करण्याची मागणी होती, याची आठवण आज फार थोड्यांना उरली आहे. अर्धशतकाची ती लवचिकता गिरण्यांना वाचवू शकली नाही. गिरण्या बुडाल्या त्या जुनाट यंत्रांमुळे, नफा दुसरीकडे वळवल्यामुळे आणि मुंबईतील जमिनीला सोन्याचा भाव आल्यामुळे.

आणि जमिनीचा विषय निघालाच आहे, तर लवचिकतेचा खरा आविष्कार कोठे झाला तेही पाहावे. विकास नियंत्रण नियमावलीच्या १९९१च्या ५८व्या नियमाप्रमाणे गिरणीच्या जमिनीचा विकास करायचा तर ढोबळमानाने एक हिस्सा शहराला मोकळ्या जागेसाठी, एक हिस्सा सार्वजनिक घरबांधणीला आणि उरलेला मालकाला, अशी वाटणी होती. २००१ साली त्या नियमात दुरुस्ती झाली आणि ही वाटणी सगळ्या जमिनीची न राहता इमारती नसलेल्या मोकळ्या तुकड्यापुरती उरली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. सुमारे सहाशे एकरांच्या प्रश्नात काही शब्द इकडचे तिकडे झाले आणि गिरणगावाचे मॉल झाले. कायदा किती मऊ होऊ शकतो, याचा एवढा सुबक नमुना दुसरा सापडणार नाही. त्या वेळी मात्र कोणत्याही अर्थपंडिताने लवचिकतेवर व्याख्यान दिल्याचे ऐकिवात नाही, गरजच नव्हती. मालकाचा कायदा न बोलता वाकतो.

आता प्रत्यक्ष तरतुदींकडे वळू. आमच्या मित्रांचा मुख्य मुद्दा असा की शंभरावर कामगार असलेल्या कारखान्याला कपातीसाठी सरकारची परवानगी लागत असे, त्या धास्तीने मालक कारखाना वाढवीतच नसत, आणि त्यामुळे बेकारांचे नुकसान होई. ही परवानगीची अट औद्योगिक विवाद कायद्यात १९७६ साली आली. (म्हणजे आणीबाणीत, आपल्या चळवळीचे बहुतेक नेते तुरुंगात असताना. इतिहासाला विनोदाचे वावडे नसते.) प्रथम ती तीनशे कामगारांच्या आस्थापनांना होती, पुढे १९८२च्या दुरुस्तीने शंभरावर आली. औद्योगिक संबंध संहितेने ती पुन्हा तीनशेवर नेली आहे आणि आणखी वर न्यायची तर संसदेत वा विधिमंडळात जाण्याचीही गरज ठेवलेली नाही. सरकारची अधिसूचना पुरे. स्थायी आदेशांचीही तीच गत. तीनशेच्या आतील कारखान्यात कामाच्या अटी, रजा, शिस्तभंगाची चौकशी यांचे लेखी नियम असलेच पाहिजेत असे बंधन आता उरलेले नाही.

पण या अटीमुळे कपात खरोखर थांबली होती काय? पुण्याजवळच्या चाकण-रांजणगावच्या पट्ट्यात, नाशिकच्या सातपूर-अंबडला, औरंगाबादच्या वाळूजला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, कोणत्याही कारखान्याच्या फाटकाशी पाळी सुटताना उभे राहावे. एकाच असेंब्ली लाइनवरून उतरलेली माणसे चार रंगांच्या कपड्यांत बाहेर पडतात. एक कायम, एक कंत्राटदाराचा, एक ‘ट्रेनी’, एक शिकाऊ. चौघांनी तेच नट आवळलेले असतात. सलग सेवेचे २४० दिवस भरण्यापूर्वी, सात महिन्यांच्या आतबाहेर, ‘ब्रेक’ देऊन घरी पाठवायचे आणि महिन्याभराने दुसऱ्या कंत्राटदाराच्या नावावर परत घ्यायचे, ही रीत तेथे इतकी रुळली आहे की पोरे स्वतःची ओळखही ‘सात महिन्यांवाला’ अशी करून देतात. कामगारांना वर्षानुवर्षे बदली, नैमित्तिक वा तात्पुरते ठेवून कायमपणाचे लाभ नाकारणे ही अनुचित कामगार प्रथा होय, असे महाराष्ट्राच्या १९७१ सालच्या कायद्यात स्वच्छ लिहिलेले आहे. लिहिलेले आहे, इतकेच. उद्योगांच्या सरकारी वार्षिक पाहणीनुसार २०००च्या सुमारास देशातील संघटित कारखान्यांत शंभरातील वीस कामगार कंत्राटी होते. आज ते चाळीसच्या घरात आहेत. ही दुप्पट वाढ जुने ‘ताठर’ कायदे जिवंत असतानाच झाली. तेव्हा ताठरपणामुळे मालकांचे हात बांधले गेले होते ही तक्रार कोणत्या तोंडाने केली जाते? कायदा कागदावर कडक आणि फाटकावर मऊ होता. संहितांनी कागदही फाटकासारखा करून दिला.

कंत्राटी कामगारांचा १९७० सालचा कायदा वीस कामगारांपासून लागू होई. आता ही मर्यादा पन्नासवर गेली आहे. मुख्य कामात कंत्राटी कामगार नेमू नयेत असे नवी संहिता एका हाताने लिहिते. दुसऱ्या हाताने अपवाद देते. जेथे ते काम एरवीही कंत्राटदाराकडूनच होते, जेथे दिवसातील बहुतेक वेळ पूर्णवेळ माणूस लागत नाही, किंवा जेथे काम अचानक वाढून मुदतीत संपवायचे आहे, तेथे चालेल. मोटारीच्या धंद्यात ज्या महिन्यात काम ‘अचानक’ वाढत नाही असा महिना कोणी दाखवावा. त्याआधी २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात सांगून ठेवलेच होते की कंत्राटी पद्धत बंद केल्याने तेथील कामगार आपोआप मूळ मालकाचे होत नाहीत. म्हणजे कंत्राटी पद्धतीविरुद्ध लढून जिंकणाऱ्याच्या पदरी विजयाबरोबर बेकारीही पडू शकते.

याहीपेक्षा दूरगामी आहे ती मुदतबंद नोकरी. सरकारने २०१६ साली ती कपडे शिवणाऱ्या उद्योगात आणली, २०१८ साली सर्व उद्योगांना खुली केली आणि आता संहितेत तिला कायमचे घर दिले. तिच्या बाजूचे जे आहे ते मान्य केले पाहिजे : मुदतबंद कामगाराला कायम कामगाराइतकेच वेतन व लाभ देण्याची तरतूद आहे आणि एका वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीही आहे. परंतु मुदत किती वेळा वाढवावी याला मर्यादा नाही आणि मुदत संपणे म्हणजे कपात नव्हे. यातून काय घडते ते कोणत्याही संघटकाला विचारा. ज्याची मुदत मार्चअखेर संपते तो जानेवारीत युनियनच्या अर्जावर सही करीत नाही. त्याला कोणी धमकावीत नाही, काढून टाकीत नाही, त्याच्याविरुद्ध चौकशी बसत नाही. कॅलेंडर पुरेसे असते. पूर्वी संघटना फोडायला गुंड आणावे लागत, आता पत्रावर तारीख घातली की भागते.

कामाच्या तासांचा इतिहास तर आपल्याच मातीतला आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या सुमारे साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचे निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे ठेवले. त्यात रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती आणि सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढाच कामाचा दिवस या मागण्या होत्या. रविवार मिळायला १८९० साल उजाडले. १९११च्या कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषाचा दिवस बारा तासांवर आणला, १९२२च्या कायद्याने अकरावर, १९३४च्या कायद्याने दहावर, आणि १९४६ साली, डॉ. आंबेडकर मजूरमंत्री असताना मांडलेल्या दुरुस्तीने तो नऊ तासांचा व आठवडा अठ्ठेचाळीस तासांचा झाला. पस्तीस वर्षांत तीन तास. प्रत्येक तासामागे संप आहेत, उपासमार आहे, तुरुंग आहे. सप्टेंबर २०२५मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील रोजच्या कामाची मर्यादा नऊवरून बारा तासांवर नेण्यास मान्यता दिली. ते तीन तास एका बैठकीत परत गेले.

आठवड्याची मर्यादा अठ्ठेचाळीस तासांचीच आहे, कामगाराची लेखी संमती लागेल, जादा कामाला दुप्पट दर मिळेल, असे सांगितले जाते. चार दिवस काम आणि तीन दिवस आराम, असे गोंडस चित्रही काढले जाते. ज्याला दिवसाच्या हजेरीवर पैसे मिळतात त्याला तीन दिवस आराम म्हणजे तीन दिवस बिनपगारी, हे चित्रकारांच्या ध्यानात येत नाही. आणि संमती! सात महिन्यांवाल्याची संमती ही काय वस्तू आहे, हे त्याला सुपरवायझरने फॉर्म पुढे केल्यावर विचारावे. बारा तास उभे राहून, जाण्या-येण्यात दोन तास घालवून, भाड्याच्या खोलीत सहा जणांत पाठ टेकणाऱ्या माणसाला उरलेल्या वेळात संघटनेच्या बैठकीला कसे आणायचे, हा प्रश्न मग आपल्यापुढे उभा राहतो. गुजरात सरकारने २०२० साली, महामारीचे निमित्त करून, असेच तास वाढवले आणि जादा कामाचा दुप्पट दरही बुडवला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाला ती अधिसूचना रद्द करावी लागली होती. तमिळनाडूने एप्रिल २०२३मध्ये बारा तासांचे विधेयक संमत केले. कामगार संघटना, त्यांत सत्ताधारी पक्षाच्या मित्रपक्षांच्याही, एकवटल्या आणि मेदिनाला मुख्यमंत्र्यांना ते मागे घेतल्याचे जाहीर करावे लागले. सरकारेही वाकतात. फक्त जोर लागतो.

हा जोरच नाहीसा करण्याची तजवीज नव्या संहितेत आहे, आणि येथे लवचिकतेच्या पुजाऱ्यांचे खरे रूप उघडे पडते. संपासाठी चौदा दिवसांची नोटीस पूर्वी जीवनावश्यक सार्वजनिक सेवांना होती. आता ती प्रत्येक औद्योगिक आस्थापनेला आहे. नोटिशीनंतर समेटाची बोलणी सुरू झाली की संप बेकायदा. निम्म्या वा अधिक कामगारांनी एकाच दिवशी नैमित्तिक रजा घेतली तर तोही संप. मालकाने माणूस कमी करावा, तास वाढवावेत, कंत्राटदार बदलावा, त्यात सगळे सैल. कामगाराने काम थांबवावे, त्यात सगळे घट्ट. एकाच कायद्याच्या एका पानावर रबर आणि दुसऱ्या पानावर पोलाद. ज्यांना ताठरपणाचा एवढा तिटकारा आहे त्यांनी संपाच्या कलमांविषयी अवाक्षर काढलेले नाही.

तरीही एक प्रश्न प्रामाणिकपणे घेतला पाहिजे, कारण तो टाळून आपले भागणार नाही. काम कमीजास्त होते हे खोटे नाही. बंदरात जहाजे रोज सारखी लागत नाहीत, बाजारपेठेत कांद्याची आवक एक दिवस पूर येतो तशी येते आणि दुसऱ्या दिवशी गाळे रिकामे पडतात, सणापूर्वी माल चढवायला दुप्पट हात लागतात. अशा धंद्यात प्रत्येक मालकाने बाराही महिने सर्वांना पोसावे असे म्हणणे व्यवहार्य नाही. मग उपाय काय? आमच्या मित्रांना वाटते की या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे नाही. ते आहे, आणि ते महाराष्ट्रात पन्नास वर्षांहून अधिक काळ चालू आहे.

गोदी कामगारांच्या नेमणुकीचा कायदा १९४८ साली झाला. मुंबईत गोदी कामगार मंडळ आले. तोवर टोळीवाल्याच्या मर्जीवर जगणारा गोदी कामगार मंडळाच्या पटावर आला. आज या जहाजावर, उद्या त्या जहाजावर, पण मालक बदलला तरी पट एकच. काम न निघालेल्या दिवशीही हजेरीचे पैसे आणि महिन्यातील काही किमान दिवसांच्या मजुरीची हमी. पी. डि’मेलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जी झुंज दिली तिचे हे फळ. त्याच धर्तीवर पुढे १९६९चा माथाडी कायदा आला. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईच्या बाजारांत आणि डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने पुण्यात पाठीवर पोती वाहणाऱ्यांना माणूस म्हणून उभे केले, त्या लढ्यांचा हा कायदा आहे. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. मालक व कामगार दोघांनीही मंडळाकडे नोंद करायची. व्यापाऱ्याने मजुरी मंडळात भरायची आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही द्यायची. मंडळाने त्यातून मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, पगारी रजा, औषधपाणी हे सारे कामगाराला पोचवायचे. मंडळात मालक, कामगार आणि सरकार तिघांचे प्रतिनिधी. हमाल दिवसात चार गाळ्यांवर चार व्यापाऱ्यांचा माल उतरवतो. याहून लवचीक काम ते कोणते? आणि तरीही त्याची ग्रॅच्युइटी तुटत नाही, कारण चढउताराचा बोजा एकट्याच्या पाठीवर न टाकता साऱ्या धंद्यावर वाटून दिलेला आहे.

माथाडी मंडळांचे आज सर्व आलबेल आहे असे मुळीच नाही. माथाडीच्या नावावर खंडणी गोळा करणाऱ्या टोळ्या औद्योगिक वसाहतींत आहेत, मंडळांच्या नेमणुका सरकारे वर्षानुवर्षे रखडवतात, आणि नोंद न करता माल उतरवून घेणारे व्यापारी रगड आहेत. खंडणीखोरांना तुरुंगात घालावे. त्यासाठी कायदा मोडीत काढण्याची भाषा करणारे लोक घरात चोर शिरला म्हणून घर जाळायला निघालेले आहेत.

डेन्मार्कचा दाखला देणाऱ्यांनाही हेच सांगावे लागते. तेथे मालक सहजपणे कामगार कमी करू शकतो, हे खरे. पण कमी झालेल्या विमेदार कामगाराला दोन वर्षांपर्यंत बेकारी भत्ता मिळतो, नवे कसब शिकण्याची व्यवस्था असते, आणि सुमारे दोन-तृतीयांश कामगार युनियनचे सभासद असतात. आमच्याकडे? राज्य विमा योजनेतील कामगाराची नोकरी गेली तर २०१८ साली सुरू झालेल्या योजनेतून त्याला आयुष्यात एकूण नव्वद दिवस, सरासरी वेतनाच्या निम्मी रक्कम. कपात झालेल्याच्या पुनर्प्रशिक्षणासाठी संहितेने मालकावर टाकलेला भार : पंधरा दिवसांचे वेतन. डेन्मार्कच्या करारातील मालकाचे कलम तेवढे उचलायचे आणि कामगाराचे तेथेच ठेवून यायचे, याला अनुकरण म्हणत नाहीत.

शहरातील मोटारसायकलवर पाठीला पेटी बांधून धावणाऱ्या तरुणांना तर ‘कामगार’ हे नावही दिलेले नाही. ते ‘भागीदार’ आहेत! गाडी त्यांची, पेट्रोल त्यांचे, पाय मोडला तर पायही त्यांचाच. दर, दंड आणि कामावरून बंद करण्याचा हक्क मात्र कंपनीचा. हवे तेव्हा काम करा, हवे तेव्हा थांबा, ही त्यांना दिलेली लवचिकता. थांबणाऱ्याचा प्रोत्साहन भत्ता बुडतो ही तिची किंमत. सामाजिक सुरक्षा संहितेने त्यांच्यासाठी कंपन्यांच्या वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के वर्गणीची तरतूद केली, तीही त्यांना दिल्या जाणाऱ्या रकमेच्या पाच टक्क्यांच्या आत. राजस्थानने २०२३ साली आणि कर्नाटकाने २०२५ साली स्वतंत्र कायदे केले. माथाडी कायद्याची जन्मभूमी असलेल्या महाराष्ट्राने या बाबतीत इतरांच्या मागे राहावे, ही शरमेची गोष्ट आहे. प्रत्येक फेरीमागे लेव्ही कापून मंडळाकडे भरणे पोत्यांच्या काळात जमले. ज्या कंपन्यांच्या यंत्रात प्रत्येक फेरीची सेकंदासह नोंद असते त्यांना ते जमू नये?

आता शेवटची आणि सर्वांत जड गोष्ट. लवचिकतेच्या या तत्त्वज्ञानाचा शेवट कोठे होतो हे पाहायचे असेल तर बीड जिल्ह्यात जावे. दसरा-दिवाळीनंतर तेथून ट्रक भरतात आणि पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या साखरपट्ट्यात उतरतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. हंगामापुरती माणसे, हंगाम संपला की घरी. कारखान्याच्या हजेरीपटावर त्यांचे नाव नाही. एक दिवस खाडा झाला तर दंड, आणि तो उचलीतून वळता. बाईची पाळी, गर्भारपण, बाळंतपण या सगळ्यांचा खाडा होतो. पालाशेजारी पाणी नाही, आडोसा नाही, आजाराला सरकारी दवाखाना दूर आणि खासगी डॉक्टर जवळ. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने नेमलेल्या समितीपुढे आलेल्या पाहणीत बीडमधील सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी तेरा हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. पुष्कळ जणींचे वय तिशी-चाळिशीच्या आसपास. त्यांतील किती शस्त्रक्रिया खरोखर आवश्यक होत्या याचा काथ्याकूट डॉक्टरांनी करावा. ज्या व्यवस्थेत बाईला आपल्या शरीराचा अवयव कामाच्या आड येतो असे वाटू लागते, त्या व्यवस्थेबद्दल आपण बोलत आहोत. कामाला माणसाच्या मापाचे करण्याऐवजी माणूसच कामाच्या मापाचा कापून काढला जातो. तासांची, वेतनाची, नोकरीची लवचिकता मागणारे एक एक पायरी खाली उतरत जातात, आणि तळाला ही बाई उभी असते. तिच्या इतके ‘जुळवून’ कोणी घेतले आहे?

तिच्यासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याण महामंडळ आहे. ते वसतिगृहे बांधेल, विमा काढेल, ओळखपत्रे वाटेल. यातील काहीही वाईट नाही. पण ते तिचे मालक कोण हे ठरवीत नाही, तिची मजुरी आपल्या हातून देत नाही, तिच्या उचलीचा हिशेब तपासत नाही. माथाडी मंडळासारखे मंडळ ऊसतोडीला हवे, कारखान्याने तोडणीची मजुरी व लेव्ही त्यात भरावी आणि मुकादमाचे कमिशन तेथून उघडपणे द्यावे, ही मागणी ऊसतोड कामगारांच्या संघटना करीत आल्या आहेत. सहकारी साखर कारखान्यांच्या संचालक मंडळांवर कोणकोणत्या पक्षांची माणसे बसतात हे या साप्ताहिकाच्या वाचकांना सांगायला नको. विधिमंडळात या मागणीचे काय होते याचा उलगडा तेवढ्याने होतो.

तेव्हा आपल्या मित्रांशी वाद ‘लवचिकता हवी की नको’ या प्रश्नावर घालण्यात वेळ दवडू नये. प्रत्येक तरतुदीपुढे एकच गोष्ट विचारावी : काम घटेल त्या दिवसाची मजुरी कोणाच्या खिशातून जाणार? ज्या कायम कामगारांच्या संघटना आपल्या करारात पगारवाढ घेऊन नव्या भरतीला कंत्राटी ठेवण्यास संमती देतात, त्यांच्या नेत्यांनाही हा प्रश्न विचारायला संकोच नसावा. त्यांचे सभासद दरवर्षी निवृत्त होत आहेत, आणि रिकाम्या जागेवर सात महिन्यांवाला येत आहे.

मुकादमांची उचल पावसाळ्यात वाटली जाते, ट्रक भरण्यापूर्वी दोन-तीन महिने. मराठवाड्यातील साथींनी त्या दिवसांत तांड्यांवर आणि वस्त्यांवर असले पाहिजे. प्रत्येक कोयत्याची उचल, दर आणि खाड्याची अट कागदावर उतरवून घेतली पाहिजे, नवऱ्याच्या नावाबरोबर बायकोचेही नाव स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे, आणि ती यादी मजूर आयुक्तांच्या कचेरीत दाखल करून पोच घेतली पाहिजे. एकदा ऊस तुटू लागला की कोणाला बोलायला सवड नसते.